पब्लिशचा अधिकार

तपासणीची कमांड दिली की पडद्यावर हिरव्या ओळी येत. त्या दिवशी एक लाल आली.

काळ्या पडद्यावरची ती एकटीच लाल ओळ सांगत होती, की हे अ‍ॅप बाहेरच्या एका पत्त्यावर माहिती पाठवतंय आणि तो पत्ता कुठेही नोंदवलेला नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी टायपिंग चुकलं असणार. पुन्हा तपासलं. पुन्हा तीच ओळ.

"तन्वीर, हा पत्ता आपला आहे का रे?"

तन्वीर पठाण माझ्या शेजारी बसायचा. मालेगावचा होता. आम्ही बनवलेलं अ‍ॅप नीट चालतं की नाही हे बघायचं काम त्याचं. तो खुर्चीसकट सरकत आला, वाकून वाचलं आणि मान हलवली.

"आपला नाही. दिल्लीवाल्यांचं नाव दिसतंय यात. आज संध्याकाळी येणार आहेत ना, ते."

"त्यांना आपण कशाला काय पाठवतोय?"

"मला काय विचारते? तू बनवलंय."

मी बनवलं नव्हतं. आदल्या दिवशी आमच्या मालकांनी, सोनजे सरांनी, मला एक तयार फाइल दिली होती. रिपोर्टचं काम आहे, 'आठवण'मध्ये जोडून टाक आणि उद्या दुपारपर्यंत पब्लिश कर, असं म्हणाले होते. मी मुकाट्याने जोडली होती. आता ती उघडून ओळीओळीने वाचायला लागले.

'आठवण' हे आमच्या अ‍ॅपचं नाव. दवाखाने, क्लासेस, दुकानं आपल्या गिऱ्हाइकांची सगळी माहिती एका जागी ठेवायला एक मोठं सॉफ्टवेअर वापरतात, त्याला सीआरएम म्हणतात. आमचे दवाखाने वापरायचे ते एका परदेशी कंपनीचं होतं. त्याला जोडता येतील अशी छोटी अ‍ॅप्स ते लोक बाहेरच्यांना बनवू देत असत आणि त्यासाठी त्यांनी एक टूल दिलं होतं. त्यात ना चित्रं, ना बटणं. काळ्या पडद्यावर एकेक कमांड टाइप करायची. नवं अ‍ॅप तयार कर, चालवून दाखव, तपास, पॅक कर. शेवटची कमांड पब्लिश. ती दिली, की आमचं अ‍ॅप जिथे जिथे वापरात आहे तिथे तिथे नवी आवृत्ती आपोआप जाऊन बसायची. तिकडे कुणाला काही दाबावं लागत नसे, आणि बहुतेक वेळा कळतही नसे.

म्हणूनच पब्लिशचा अधिकार सगळ्यांना नसायचा. परदेशी कंपनीकडे ज्याचं नाव पडताळून नोंदलेलं असेल त्यालाच. आमच्याकडे आधी तो सीनियर वैजयंती मॅडमकडे होता. त्या कॅनडाला गेल्या तेव्हा जाण्याआधी त्यांनी माझं नाव घातलं आणि मग स्वतःचं काढलं. मी शेजारी बसून पाहत होते. सोनजे सरांचंही नाव घाला, असं मी म्हटलं होतं. पण सरांना त्या काळ्या पडद्याचा कंटाळा. "तुझंच राहू दे हर्षला," म्हणाले, "तू काय पळून चाललीस?"

'आठवण' वापरायचे ते सगळे मूल होण्यासाठी उपचार देणारे दवाखाने. नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार अशा गावांतले. उद्या इंजेक्शन आहे, परवा सोनोग्राफी आहे, असे मेसेज आमचं अ‍ॅप पेशंटला पाठवायचं. एकदा धुळ्याच्या सेंटरमधून मंदाकिनीताईंचा फोन आला होता. त्या तिथे काउंटरवर असत.

"बाई, त्या मेसेजमधून आमच्या सेंटरचं नाव काढून टाक," त्या म्हणाल्या. "एका पेशंटच्या सासूने वाचला. पोरीने घरात सांगितलेलं नव्हतं ना. माहेरी जाते म्हणून यायची बिचारी."

"मग आता?"

"आता काय. येत नाही. फोन लागत नाही."

त्याच दुपारी मी मेसेज बदलला होता. 'उद्या अकरा वाजता यावे' एवढाच. कोणी वाचला तरी क्लासचा वाटावा, नाहीतर पार्लरचा.

आणि आता सरांनी दिलेल्या फाइलमध्ये मी वाचत होते की दिल्लीच्या त्या पत्त्यावर काय काय जाणार आहे. बाईचं नाव. नवऱ्याचं नाव. फोन. गाव. उपचार किती वेळा केले. शेवटचा निकाल. ज्यांचा निकाल 'नाही' असा आहे तेवढीच नावं वेगळी काढून पाठवायची, असं त्यात लिहिलेलं होतं.

मी उठून सरांच्या केबिनमध्ये गेले.

हेमंत सोनजे आमच्याच सटाण्याचे. तिथे सोनजे म्हणजे मोठं घराणं. आडत दुकान, पेट्रोल पंप, आणि सरांचे काका शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. त्या शाळेचे गणवेश माझे वडील शिवायचे. आप्पांचं टेलरिंगचं दुकान देवमामलेदारांच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तेही सोनजेंच्याच गाळ्यात. इंजिनिअरिंगला माझा एक विषय राहिला आणि पुढे सुटला, पण तोवर पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी मला दारात उभं केलं नव्हतं. आप्पा सरांकडे गेले, आणि सरांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. दोन वर्षांचा बॉण्ड होता, मूळ सर्टिफिकेटं त्यांच्या कपाटात ठेवायची होती. सगळ्यांचीच ठेवत. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट आप्पांनी पेढे वाटले होते.

"सर, ती फाइल रिपोर्टची नाहीये," मी म्हटलं.

सरांनी मोबाइल खाली ठेवला. "बस."

मी बसले. लाल ओळीचं सांगितलं, काय काय जातंय ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना ठाऊक नसेल, अशी आशा मला अजून होती.

"तो पत्ता नोंदवायचा राहिलाय, एवढंच ना?" ते म्हणाले. "नोंदव. मग हिरवी होईल की नाही ओळ?"

"होईल. पण सर, ते लोक करणार काय या नावांचं?"

"फोन करणार. त्यांची औषधं आहेत, मोठ्या शहरात सेंटरं आहेत. इथे ज्यांचं काम झालं नाही त्यांना सांगतील, आमच्याकडे या. चांगलंच आहे ना?"

"पण फोन घरातल्या कुणी उचलला तर?"

"हर्षला," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. सरांचा आवाज कधी चढत नसे. "एवढ्या लांबचा विचार करायचा नसतो. मी कसली तारेवरची कसरत करतोय ते तुला माहीत नाही. आजची मीटिंग झाली तर हे ऑफिस राहील. नाही झाली तर तू, तन्वीर, ती बाहेरची मुलं, सगळे घरी. दिल्लीवाल्यांना पाच वाजता इथे बसून दाखवायचंय की माहिती यायला लागली. त्याआधी पब्लिश झालेलं पाहिजे."

"मला नाही जमणार सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. माझं काहीतरी दुखतंय आणि ते कुठे, हे शोधत असल्यासारखं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "इथेच बस. विचार कर. लॅपटॉप इथे मागवून घे. फोन दे माझ्याकडे, उगाच इकडे तिकडे बोलून डोकं फिरवून घेशील."

मी फोन दिला. आज कुणी सांगितलं की मी फोन दिला, तर माझा विश्वास बसणार नाही. पण तेव्हा दिला. त्यांनी तो खणात ठेवला आणि बाहेर गेले.

थोड्या वेळाने मी उठून केबिनचं दार उघडलं, तर सर बाहेरच्या टेबलापाशी उभे होते.

"चहा घेऊन येते खालून," मी म्हटलं.

"इथेच मागवू की," ते म्हणाले. चहा आला. मग जेवणाची वेळ झाली, तर तन्वीर माझा डबा घेऊन आत आला. त्याने तो लॅपटॉपशेजारी ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "करून टाक ना. आपल्याला काय करायचंय? आपण हमाल आहोत. गोणीत काय आहे ते हमाल बघतो का?"

"तू केलं असतंस?"

"माझ्या घरात पाच खाणारे आहेत," तो म्हणाला. "मला विचारू नको." आणि गेला.

मी डबा उघडला नाही. केबिनला खिडकी होती, पण ती उघडत नसे, एसीसाठी बंद केलेली. चौथ्या मजल्यावरून नाशिकचा गंगापूर रोड दिसायचा. उसाच्या रसाच्या गाडीशी कॉलेजच्या मुली उभ्या होत्या. मला वाटत होतं, दार तर उघडं आहे, उठावं आणि चालायला लागावं. पण गेले तरी कुठे जाणार? सर्टिफिकेटं त्या समोरच्या कपाटात. कपाट कुलूपबंद. गावी गेले तर दुकानाचा गाळा सोनजेंचा. दुसरीकडे अर्ज केला तर पहिल्या नोकरीत सरांचं नाव, तिथून सरांना फोन. आणि नाहीच केलं आज, तर सोमवारी पुन्हा हीच खुर्ची. नाही म्हणायचं ते किती वेळा म्हणायचं, हेच मला कळेना. मी नाही म्हटलं, की ते तो शब्द बाजूला ठेवत होते आणि पुन्हा तेच विचारत होते.

तीनच्या पुढे केबिनचं दार उघडलं आणि सरांच्या मागून आप्पा आत आले.

लग्नकार्यातच घालायचे तो करडा सफारी त्यांच्या अंगावर होता. हातात पिशवी. एसटीने आले होते, चेहरा उन्हाने तापलेला. मला बघून त्यांना हायसं वाटलं, मग लगेच ते सरांकडे वळले.

"सर, काय चुकलं हिचं?"

"चुकलं काही नाही काका. बसा, बसा तुम्ही आधी." सरांनी स्वतःची खुर्ची ओढून दिली, पाणी दिलं. "हुशार आहे पोरगी. जरा हट्टी आहे. म्हटलं, माझ्यापेक्षा तुमचं ऐकेल. तुमच्यासारखी जुनी माणसं, तुम्हाला जगाचं कळतं."

आप्पा खुर्चीच्या कडेवर बसले. सोनजेंच्या समोर ते कधी पाठ टेकून बसत नसत. सर म्हणाले, "तुम्ही बोला," आणि दार लावून गेले.

"काय आहे ते माय?" आप्पांनी विचारलं.

मी सांगितलं. टूल, कमांड, आवृत्ती, हे काही सांगितलं नाही. म्हटलं, "ज्या बायांना मूल होत नाही, त्यांची नावं आणि फोन सर बाहेरच्या लोकांना देतायत. दवाखान्याला माहीत नाही. त्या बायांना माहीत नाही. मी इथून सोडलं तरच जातील."

आप्पांनी पिशवी पायाशी ठेवली.

"आपल्या ओळखीच्या आहेत का त्या?"

"नाही."

"त्यांना आपण माहीत आहोत?"

"नाही आप्पा."

"मग तू कशाला मधे पडते?"

मंदाकिनीताईंनी सांगितलेल्या त्या बाईचं सांगावं असं वाटलं, पण तिचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. आप्पांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"हे बघ," ते म्हणाले, "मला गावात राहायचंय. तुझी आई, मी. शाळेचे कपडे त्यांचे, गाळा त्यांचा. ते काही बोलले नाहीत, मोठी माणसं बोलत नाहीत. पण मला घ्यायला स्टँडवर गाडी पाठवली सरांनी. मी काय समजायचं? तुला कुणी उभं केलं नव्हतं तेव्हा ह्यांनी केलं. एक काम सांगितलं तर तू नाही म्हणते. लोक विचारतील, भामरेंच्या पोरीला का काढलं. काय सांगू मी?"

"खरं सांगा."

"खरं सांगून कोणाचं भलं झालं?" आप्पा म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "कर ना माय. माझ्यासाठी कर. मी इतक्या लांब आलो."

आप्पांनी माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. माझ्या फीसाठी त्यांनी रात्रीचा दिवस केला तेव्हाही नाही, कधीच नाही. त्यांनी हात जोडले असते तर मला इतकं अवघड गेलं नसतं. ते फक्त माझ्याकडे बघत होते, आणि आपण चूक सांगतोय की बरोबर हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

सर आत आले, तेव्हा तन्वीर बरोबर होता.

"काय ठरलं काका?"

आप्पा रुमालाची घडी करत राहिले. सर माझ्या बाजूच्या टेबलाला टेकून उभे राहिले.

"हर्षला, मी पण विचार केला," ते म्हणाले. "तुझ्या मनाला लागतंय ना, मग तुझ्या हातून नको. तू पासवर्ड सांग. तन्वीर बसेल, तो करेल. तू काकांना घेऊन खाली जा, रस पाज. वर येशील तोवर झालेलं असेल. तू काही केलं नाहीस आणि तुला काही माहीत नाही. सर्टिफिकेटं पाहिजे असतील तर आत्ता घेऊन जा. बॉण्डचं मी बघतो."

आणि त्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या आणि कपाट खरंच उघडलं. वरच्या खणात आमच्या सगळ्यांच्या फायली होत्या. माझी त्यांनी ओढून टेबलावर ठेवली.

"बघ," आप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "किती समजून घेतात सर. सांगून दे पासवर्ड."

खरं सांगते, त्या क्षणी मी सांगणार होते. तोंडात आला होता. दिवसभर नाही म्हणून म्हणून मी थकले होते, आणि यात मला काही करायचंच नव्हतं. नुसतं खाली जायचं होतं, आप्पांना घेऊन, उन्हात, त्या गाडीपाशी.

तन्वीर खाली बघत होता. बघता बघताच तो म्हणाला, "सर, पासवर्ड दिला तरी पब्लिश तिच्याच नावावर पडेल."

"पडू दे ना," सर म्हणाले. "नाव कोण बघतंय?"

मला वैजयंती मॅडम आठवल्या. त्या दिवशी त्या हसत होत्या, आणि एका ओळीत त्यांनी स्वतःचं नाव काढून टाकलं होतं. मग पर्स उचलून निघून गेल्या होत्या. त्यानंतर त्यांच्याकडे कुणी काही मागितलं नाही. मागण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं.

"नको," मी म्हटलं. "मीच करते."

सरांनी श्वास सोडला. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटल्यासारखं केलं आणि बाजूला झाले. आप्पांनी रुमाल डोळ्यांना लावला. मी लॅपटॉप ओढला आणि काळा पडदा उघडला. ती कमांड मला पाठ नव्हती, म्हणून टूललाच विचारली, तर त्याने सगळ्या कमांडची यादी दाखवली. मला हवी होती ती शेवटून दुसरी. ती टाइप केली. पुढे माझा ईमेल.

पडद्यावर चार ओळी आल्या. या खात्यावर तुम्ही एकट्याच प्रकाशक आहात. तुमचं नाव काढल्यावर, नव्या प्रकाशकाची पडताळणी होईपर्यंत कोणतीही नवी आवृत्ती पाठवता येणार नाही. सध्याची आवृत्ती चालू राहील. हे मागे घेता येत नाही, पुढे जायचं असल्यास तुमचं नाव टाइप करा.

तिसरी ओळ मी दोनदा वाचली. म्हणजे उद्याची आठवण उद्या जाणार होती. कुणाचं इंजेक्शन चुकणार नव्हतं.

मी नाव टाइप केलं. एक अक्षर चुकलं, टूलने नाकारलं. पुन्हा टाइप केलं. एंटर दाबलं.

"गेलं का?" सरांनी विचारलं.

"आवृत्ती नाही गेली सर. माझं नाव गेलं."

त्यांना कळलं नाही. तन्वीरला कळलं. तो पडद्याजवळ आला, वाचलं, आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

"काय केलं हिने?"

"पब्लिशचा अधिकार सोडला, सर. आता कुणीच पाठवू शकत नाही. नवं नाव द्यावं लागेल, मग ते तिकडून तपासतील."

"मागे घे," सर मला म्हणाले.

"घेता येत नाही."

"तन्वीर?"

"खरं आहे सर. नाही येत."

सर खाली वाकले आणि तो काळा पडदा, मला वाटतं पहिल्यांदाच, ओठ हलवत वाचू लागले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. वाचून झाल्यावर ते खुर्चीत बसले. आप्पा उभे राहिले होते. त्यांना नक्की काय झालं ते समजलं नव्हतं, पण सरांचा चेहरा समजला होता.

"पासवर्ड मी मघाशीच काढून घ्यायला पाहिजे होता," सर म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. मग त्यांनी टेबलावरची माझी फाइल उचलली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. खणातला फोन काढून माझ्यासमोर ठेवला.

"काका, घेऊन जा हिला."

आप्पा म्हणाले, "सर, लहान आहे ती..."

"घेऊन जा."

आम्ही लिफ्टपाशी उभे होतो तेव्हा लिफ्ट उघडली आणि आतून दोन कोटवाले गृहस्थ आणि एक मुलगी बाहेर आली. मुलीच्या हातात मिठाईचा बॉक्स होता. "सोनजेजी का ऑफिस?" तिने विचारलं. मी दाराकडे बोट दाखवलं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. सरांनी स्वतःच्या नावाने अर्ज केला. नवं नाव पडताळताना परदेशी कंपनीने मला ईमेल केला, तुम्ही का सोडलंत म्हणून. मी सटाण्यात घरी बसून उत्तर लिहिलं, दोन-चार वाक्यांत, जे झालं तेच. मग त्यांनी सरांकडे खुलासा मागितला. दिल्लीचं काम झालं नाही. ऑफिस लगेच बंद पडलं नाही, पण लहान झालं. तन्वीर तिथे अजून काही महिने टिकला, नंतर पुण्याला गेला. शाळेचे गणवेश त्या वर्षी दुसऱ्या टेलरला गेले. गाळा मात्र राहिला. दिवाळीच्या सुमाराला सोनजे सर स्वतः दुकानात आले, एक पँट कंबरेत सैल करून घेतली, आणि जाताना माझी फाइल मशीनवर ठेवून गेले. माझ्याबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही, आणि आप्पांनीही काही सांगितलं नाही. तोवर मी एका लहान कंपनीत लागले होते. त्यांनी सर्टिफिकेटं मागितलीच नव्हती.

मंदाकिनीताईंना यातलं काही कळलं नाही. त्या बायांना तर नाहीच.

पण मला जास्त आठवते ती त्या दिवशीची बस. सीबीएस स्टँडवर आम्हाला सटाण्याची गाडी लगेच मिळाली. आप्पा खिडकीशी बसले, मी त्यांच्या शेजारी. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं, आप्पा एक अक्षर बोलले नाहीत. मी दोनदा पाण्याची बाटली पुढे केली, त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता हे असंच राहणार. घरी गेल्यावर आई विचारेल, आणि मग हे आईशी बोलतील, माझ्याशी नाही. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते आणि एकही धड होत नव्हतं.

सोग्रस फाट्याला गाडी हायवे सोडून वळली. ऊन उतरलं होतं. आप्पांनी खिडकीबाहेर बघतच विचारलं,

"ते मागे घेता येत नाही ना? तू म्हणाली सरांना."

"नाही आप्पा."

"नक्की?"

"नक्की. आता मी स्वतः म्हटलं तरी ते ऐकणार नाही."

"सरांनी पुन्हा गाडी पाठवली, तरी?"

"तरी."

आप्पांनी मान सीटवर टेकवली. दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी पाठ टेकवली होती.

"बरं झालं," ते म्हणाले. "येत असतं ना, तर मी तुला परत फिरवलं असतं. पिंपळगावपर्यंत तेच डोक्यात होतं माझ्या. कंडक्टरला सांगून उतरायचं, आणि तुला घेऊन परत वर जायचं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. देवळा यायच्या आत ते झोपून गेले.